वाटीतले मूग आणि रोज उकरणारी मुलगी

"मुलगी ५ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. पश्चिमेला छोटी गॅलरी आहे, तीही अर्धी कपड्यांच्या दोऱ्यांनी व्यापलेली. गणपतीच्या सुट्टीत मुलांना काहीतरी उगवून दाखवावं म्हणून वाटीत कापूस घालून मूग ठेवले. चौथ्या दिवशी वास यायला लागला आणि पांढरी बुरशी धरली. मग कुंडीत पेरले, तर धाकटी रोज सकाळी बोट घालून दाणा उकरते, 'अजून झोपलंय' म्हणते आणि परत पुरते. एकही उगवला नाही. मोठा विचारतो, झाड माती खातं, तर कुंडीतली माती संपत का नाही? मला उत्तर देता आलं नाही, मी कॉमर्सची. सासूबाई म्हणतात, मूग नासवण्यापेक्षा उसळ करा. मोबाइलवरच्या व्हिडिओत दहा सेकंदांत झाड होतं, आमच्याकडेच काही का होत नाही? घरच्या घरी करता येतील असे सोपे, हमखास जमणारे प्रयोग सांगाल का?"
– एक आई, ठाणे

ताई,

तुमच्या पत्रातला 'हमखास' हा शब्द तेवढा मी खोडला. बाकीचं पत्र मला फार आवडलं. जी मुलगी रोज उकरून बघते आणि जो मुलगा माती का संपत नाही म्हणून विचारतो, त्यांच्या घरी काहीच होत नाही असं कसं म्हणता?

आधी बुरशीचं बघू. कापूस अगदी गच्च ओला होता ना? बी पाणी पितं तसा श्वासही घेतं. कापूस पाण्यात बुडाला की आतली हवा निघून जाते, बी गुदमरून मरतं आणि मेलेल्या दाण्यावर बुरशी धरते. त्यातून भाद्रपदातली ठाण्याची दमट हवा. आता आठवा, उसळीसाठी मोड आणताना तुम्ही काय करता? मूग रात्रभर भिजवता, सकाळी पाणी ओतून टाकता आणि मग फडक्यात बांधता. ते पाणी ओतून टाकणं म्हणजेच सगळं शास्त्र. ओट्यापाशी हे तुम्हाला झोपेतही येतं, 'प्रयोग' म्हटल्यावर तेवढं विसरायला झालं. कापूस भिजवून पिळून घ्यायचा. हाताला ओला लागला पाहिजे, पण दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये.

आणि हाच तुमचा पहिला प्रयोग. दोन वाट्या घ्या. एकीत पिळलेला कापूस, दुसरीत पाण्यात बुडालेला, तुमच्या आधीच्या वाटीसारखा. दोन्हींत रात्रभर भिजवलेले १०-१० मूग. दोन्ही वाट्या शेजारी शेजारी, एकाच कपाटावर. झाकण्याआधी मुलांना विचारा, कुठे जास्त उगवतील? बहुतेक मुलं बुडालेल्या वाटीकडे बोट दाखवतात. जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं, असं त्यांचं साधं गणित असतं. तुम्ही हो-नाही काही म्हणू नका. कोण काय म्हणालं ते कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा. बुडालेली वाटी वास यायला लागली की दाखवून टाकून द्या, नाक खुपसून हुंगू देऊ नका.

बाकीचे प्रयोग कोणते करायचे ते तुम्ही ठरवा, पण ही मांडणी मोडू नका. दोन वाट्या आणि दोघींत एकच फरक. पाणी वेगळं असेल तर जागा, दाणे, दिवस सगळं सारखं. एका वाटीत मूग आणि दुसरीत गहू, एक गॅलरीत आणि एक फ्रीजमध्ये, एकीला पाणी जास्त आणि दुसरीला कमी, असं सगळंच बदललं की शेवटी कशामुळे काय झालं ते कुणालाच कळत नाही. आणि दाणे दहाच हवेत, एक नको. एखादा दाणा मुळातच मेलेला असतो. मूल नेमकं त्याच दाण्याला आपला म्हणून धरून बसतं आणि मग रडारड होते.

हे दाणे मोजण्याचं काम पोरखेळ समजू नका. आपल्याकडे सोयाबीन पेरण्याआधी शेतकरी हेच करतात. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी करून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, नाहीतर बदलायचं. तुमच्या मुलांना सांगा, तुम्ही केलीत ती उगवण चाचणीच.

आता धाकटीकडे येते. तिला उकरू नको म्हणून सांगू नका. तिला आत काय चाललंय ते बघायचंय, आणि मातीत ते दिसत नाही हा मातीचा दोष. तिच्यासाठी काचेचा पेला घ्या. आत टिपकागद किंवा जाड पेपर नॅपकिनची दुहेरी घडी काचेला चिकटून बसेल अशी गोल लावा. मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद कोंबा, म्हणजे घडी सरकणार नाही. रात्रभर भिजवलेले चार-पाच हरभरे आणि तेवढेच वाल काच आणि कागद यांच्यामध्ये सरकवा. तळाशी बोटाच्या एका पेराएवढं पाणी, दाण्यांना टेकणार नाही इतकंच. कागद ते वर ओढून घेतो. आता तिने दिवसातून पन्नास वेळा बघितलं तरी चालेल.

तिला दिसेल की वर येणाऱ्या कोंबाआधी खाली जाणारं मूळ निघतं. मूळ इंचभर झालं की पेला हलकेच आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक वळून पुन्हा जमिनीकडे निघालेलं असतं. मुळाच्या टोकाशी पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू, असं मुळाला कळतं. पाच वर्षांच्या मुलीला हे सांगायची गरज नाही, मोठा विचारेल तर सांगा. धाकटी बहुधा पेला उलटसुलट करून मुळाला चकवायला बघेल. बघू दे.

वाल आणि हरभरे एकाच पेल्यात मुद्दाम घ्यायला सांगितलेत. वालाचा कोंब वर येताना आपल्या दोन्ही डाळिंब्या खांद्यावर घेऊन येतो. हरभरा त्या खालीच ठेवतो आणि नुसता शेंडा वर पाठवतो. हे मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मुलांना सांगू नका. त्यांना सापडू दे. सापडलं की असा काही आरडाओरडा होतो की शेजारचे विचारायला येतात.

यापुढचा प्रयोग माझा सगळ्यात लाडका, आणि त्याला लागतात फक्त तुमच्या डब्यांतल्या गोष्टी. एका वाटीत अख्खे मूग, दुसरीत मूगडाळ. दोन्ही १०-१०, दोन्ही भिजवलेले, दोन्ही पिळलेल्या कापसावर. मूगही मूग आणि डाळही मूगच, मग डाळीला मोड का येत नाहीत? मुलांना भिजलेला हरभरा सोलायला द्या, तो मोठा असतो म्हणून बरा. साल निघतं, दोन डाळी सुट्या होतात आणि त्या जिथे जोडलेल्या असतात तिथे एक चिमुकली चोच दिसते. तेच होणारं झाड. डाळी म्हणजे त्याच्या प्रवासाची शिदोरी. गिरणीत डाळ करताना ती चोच तुटते किंवा दुखावते. शिदोरी उरते, प्रवासी जातो. द्विदल म्हणजे काय, हे यानंतर मुलांना पाठ करावं लागत नाही. डाळीची वाटी दुसऱ्या दिवशी आंबूस होते, ती ठेवू नका.

याच्याच जोडीला धने पेरा, कारण तिथे उलटं होतं. धने पेरण्याआधी रगडून दोन भाग करायचे असं घरातली मोठी माणसं सांगतात. मोठ्याला विचारा, डाळ दोन भाग केली तर मेली, धने दोन भाग केले तर कसे उगवतात? धन्याचा दाणा म्हणजे एक बी नव्हेच. ते फळ आहे आणि त्यात दोन बिया जोडीने असतात, प्रत्येकीची चोच वेगळी. रगडल्यावर दोघी सुट्या होतात इतकंच. हलक्या हाताने लाटणं फिरवा, पीठ करू नका. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, कधी जास्तही. पाच वर्षांच्या मुलीला आठ दिवस म्हणजे एक जन्म. म्हणून त्याच दिवशी बाजूला अळीव टाकून ठेवा. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि जिथे ठेवाल तिथे चिकटतो. संक्रांतीचं जुनं सुगड घरात असेल तर ते पाण्याने भरा आणि बाहेरून भिजलेला अळीव चोपडा. सुगड पाझरतं, त्या ओलीवर एक-दोन दिवसांत अळीव फुटतो आणि आठवड्यात सुगडाला हिरवे केस येतात. त्याला डोळे, मिशा काढायचं काम धाकटीकडे. कोथिंबिरीची वाट बघणं त्यामुळे सुसह्य होतं.

आता नवरात्र तोंडावर आलंय म्हणून हे सांगते. तुमच्याकडे घट बसतात का? बसत असतील तर सासूबाईंना या कामात ओढायची हीच वेळ. घटाभोवतीचं धन पिवळं का असतं, हे मोठ्याने कधी विचारलं नसेल तर यंदा विचारेल. त्या मातीत आपण गहू, ज्वारी पेरतो, मातीच्या घटातून झिरपणारं पाणी त्याला मिळतं आणि देवघराच्या कोपऱ्यात ऊन येत नाही. नऊ दिवसांत धन उंच वाढतं, पण सोन्यासारखं पिवळं.

देवाच्या घटाला हात न लावता दोन पसरट डब्यांत थोडी माती घ्या आणि मूठमूठ गहू पेरा. एक डबा गॅलरीच्या उजेडात, दुसरा बंद कपाटात. पाणी दोघांना सारखं. पैज लावायला सांगा, कुणाचा गहू उंच होईल? सगळे उजेडातल्या डब्यावर पैज लावतात, मोठी माणसंसुद्धा. आणि कपाटातला गहू जिंकतो. अंधारात कोंब सगळी शिदोरी उंच होण्यावर खर्च करतो, उजेड कुठेतरी वर असेल या आशेने. हिरवा रंग तयार करायला त्याला उजेड लागतो, तो मिळत नाही म्हणून तो पिवळा राहतो. उंच, किडकिडा, पिवळा. हात लावला की आडवा पडतो. दसऱ्याला तो डबा उजेडात आणून ठेवा, एक-दोन दिवसांत पाती हिरवी होऊ लागतात. मुलांना हे जादूसारखं वाटतं. उंच म्हणजे निरोगी असं नसतं, हेही त्यांना न सांगता दिसतं.

उंची मोजायला धाकटीला पट्टी देऊ नका, सेंटिमीटर तिच्या कामाचे नाहीत. रोज एक कागदाची पट्टी गव्हाशेजारी उभी धरायची, शेंड्यापर्यंत कापायची आणि भिंतीवरच्या कागदावर तारखेखाली चिकटवायची. उजेडाच्या हिरव्या पट्ट्या, कपाटाच्या पिवळ्या. नऊ दिवसांनी तो आलेख झालेला असतो आणि आलेख हा शब्दही कुणी उच्चारलेला नसतो.

उजेडातला गहू खिडकीकडे झुकतो, हे मोठ्याच्या लक्षात येईल. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांच्या टोकांवर चिमुकल्या टोप्या घालून पाहिलं होतं, तेव्हा टोक झाकलेले कोंब वळले नाहीत. उजेड टोकाला कळतो आणि वळतो मात्र खालचा भाग. त्यांनी हे १८८० साली प्रसिद्ध केलं. मीही तो प्रयोग दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा चांदीच्या कागदाच्या टोप्या घालताना कोंबच मोडले. तुम्ही त्या फंदात पडू नका, डबा अर्धा फिरवा आणि गहू परत कसा वळतो ते बघा.

आता मोठ्याच्या प्रश्नाकडे. त्याला सांगा की हाच प्रश्न आजच्या बेल्जियममधल्या यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँट नावाच्या माणसाला पडला होता. त्याने आजच्या मापात सुमारे ९० किलो कोरडी माती मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. पाच वर्षं त्याला पाणी घातलं. मग झाडाचं वजन केलं, ते सुमारे ७७ किलो भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, ती कमी झाली होती जेमतेम ५७ ग्रॅम! म्हणजे तुमचा मुलगा बरोबर बोलतोय, माती संपत नाही. हेलमाँटने ठरवलं की झाड सगळं पाण्याचंच बनलं. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आलं. तो अर्धाच बरोबर होता. झाड पाणी घेतं ते खरं, पण आपलं लाकूड-पान बनवायला लागणारा कार्बन ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतं. मातीतून घेतं ती चिमूटभर खनिजं, आपल्या जेवणातल्या मिठासारखी.

हे सांगून झालं की त्याला विचारा, मग कापसावरचे मूग माती नसताना कसे वाढले? आणि ते महिनाभर टिकतील का? तिथे उत्तर देऊ नका. एक कापसावरचं आणि एक मातीतलं रोप शेजारी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत शिदोरी संपल्यावर काय होतं ते तोच सांगेल.

बाकीचं भराभर सांगते. या दिवसांत तेरडा फुललेला असतो. त्याची पाणीदार फांदी कापून खायच्या लाल रंगाच्या पाण्यात उभी करा. रांगोळी चालत नाही, ती तळाशी बसते. थोड्या तासांत देठातून लाल रेषा वर चढताना दिसतात. पांढऱ्या निशिगंधाच्या दांडीलाही असाच रंग चढतो, पण त्याला रात्र जाऊ द्यावी लागते. तेरड्याची पिकलेली शेंग मुलांच्या चिमटीत द्या, ती फटकन फुटून बिया उडवते. हा प्रयोग नाही, नुसती मजा, पण त्याच्याशिवाय तेरडा सोडू नये. पानफुटीचं पान ओल्या मातीवर आडवं ठेवलं की कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतात. कुठल्याही पानेरी फांदीला उन्हात प्लॅस्टिकची पिशवी बांधा, तासा-दोन तासांत आत थेंब जमतात. मनी प्लांट बाटलीत लावणार असाल तर पेर पाण्यात बुडलेलं हवं, मुळं तिथूनच फुटतात. आणि ते पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. डेंग्यूच्या डासांना ती बाटली आपल्याला आवडते त्याहून जास्त आवडते.

काही गोष्टींत मी कडक आहे. दुकानातून पेरणीचं बियाणं आणलं आणि त्याला गुलाबी-निळा रंग असेल तर ते मुलांच्या हाती देऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. एरंडी, गुंज, धोत्रा यांच्या बिया दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी आहेत, त्या घरात आणायच्याच नाहीत. राजमा पेरायला चांगला, पण भिजवलेला कच्चा दाणा तोंडात जाऊ देऊ नका. घरी येणारं एखादं दोन-अडीच वर्षांचं पाहुणं मूल असेल तर वाट्या वर ठेवा. हरभरा नाकात गेला की तिथे भिजून फुगतो आणि डॉक्टरांकडे धावावं लागतं.

आता ते व्हिडिओ. दहा सेकंदांतलं झाड म्हणजे कुणीतरी दहा-पंधरा दिवस काढलेले फोटो पळवलेले असतात. काही तर सरळ बनवलेलेच असतात. तुमच्या मुलांना फोनवर रोज एकाच जागेवरून एक फोटो काढायला सांगा आणि शेवटी भराभर सरकवून बघा. त्यांना त्या दहा सेकंदांची खरी किंमत कळेल.

मी २८ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. एकदा दुसरीतल्या मुलांना घरी वाल लावून पेला शाळेत आणायला सांगितला होता. एका मुलीचा पेला अप्रतिम, टवटवीत, पण ती हिरमुसलेली. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "बाई, माझ्या वालाचं पान फाटलेलं होतं. याचं फाटलेलं नाही." तिचं रोप आदल्या रात्री मेलं होतं. वडिलांनी शेजाऱ्यांकडून दुसरं आणून पेल्यात लावलं होतं, मुलीला वाईट वाटू नये म्हणून. मी तिला विचारलं, फाटलेलं पान कुठून फाटलं होतं? तिने मागच्या बाकावर बसून त्याचं चित्र काढलं, कागदावर खाली लिहिलं 'मेलं, बुधवार'. त्या वर्गातली सगळ्यात अचूक नोंद तीच होती. म्हणून सांगते ताई, तुमच्या घरी काही मेलं तर रातोरात बदलू नका.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं. प्रयोगाला वीस मूग पुरतात, वाटीभर लागत नाहीत. दाणे मोजून घ्यायचं काम त्यांच्याकडेच द्या. शिवाय त्यांना एक विचारा, थंडीत मोड उशिरा येतात तेव्हा त्या मुगाचं गाठोडं कुठे ठेवतात? त्या जी जागा सांगतील तिथे एक वाटी आणि फ्रीजमध्ये एक वाटी. बाकीच्या भिजवलेल्या मुगांची उसळ करा, पण फ्रीजमधले दहा दाणे चुकून त्यात पडू देऊ नका, धाकटी मोजेल.